न्यायासन आणि माजघर

जुन्या घराची आवराआवर काढली म्हणजे माळ्यावरच्या पेटींतून रुमालांत बांधलेलें एखादें दप्तर हमखास निघतें. त्यांत वाटणीपत्र असतें, दत्तकपत्र असतें, आणि पिंवळ्या पडलेल्या मुद्रांकाच्या कागदावर कोणा आजीच्या आंगठ्याची निशाणी असते. मंडळी तें कौतुकानें चाळतात आणि पुन्हां बांधून ठेवतात. थोरल्या भावाला अमुक हक्क कां मिळाला, विधवा काकूंना तमुक कां नाकारला गेला, ह्याचें उत्तर मात्र त्या पेटींत सांपडत नाहीं. तें सांपडतें मुंबईस, ओव्हल मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या उच्च न्यायालयाच्या दगडी इमारतींत. तेथें बसून गेलेल्या न्यायाधीशांविषयीं आणि त्यांच्या निर्णयांचे पडसाद आपल्या माजघरांत कसे उमटले ह्याविषयीं ह्या खेपेस चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

जुनें सुप्रीम कोर्ट व सदर अदालत हीं दोन न्यायालयें मोडून मुंबईचें हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ रोजीं सुरू झालें. पंधरा न्यायाधीशांची मंजुरी असतां आरंभीं सातच जण नेमले गेले, आणि सर मॅथ्यू सॉसे हे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. आजची इमारत कर्नल फुलर ह्यांच्या आराखड्याप्रमाणें १८७१ ते १८७८ ह्या काळांत बांधली गेली. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया ह्यांच्या मूर्ति बसविलेल्या आहेत. त्या मूर्तींखालीं कायमचा न्यायाधीश म्हणून पहिला हिंदी गृहस्थ बसावयास १८८४ साल उजाडलें. ते नानाभाई हरिदास. त्यांच्या मागून १८८९ सालीं काशीनाथ त्र्यंबक तेलंग, १८९३ सालीं महादेव गोविंद रानडे, १८९५ सालीं बद्रुद्दीन तय्यबजी आणि १९०१ सालीं नारायण गणेश चंदावरकर आले. पहिले कायम हिंदी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला हे १९४७ सालीं, स्वातंत्र्याबरोबरच, त्या जागीं आले. आणि ज्या न्यायालयानें शंभराहून अधिक वर्षें बायकांच्या स्त्रीधनाचे, पोटगीचे व वारशाचे निवाडे केले, त्याच्या न्यायासनावर पहिली स्त्री १९७८ सालीं बसली. त्या सुजाता मनोहर. पुढें १९९४ सालीं त्या तेथील मुख्य न्यायाधीशहि झाल्या. १८६२ पासून १९७८ पर्यंतचीं हीं एकशेंसोळा वर्षें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.

आरंभींच्या न्यायाधीशांपुढें मोठी अडचण होती. कायदा विलायतेंत शिकावयाचा आणि निवाडा मात्र मिताक्षरा व व्यवहारमयूख ह्या ग्रंथांवरून द्यावयाचा! म्हणून न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीश प्रश्न करी आणि शास्त्रीबोवा ग्रंथाधार काढून उत्तर देत. १८६४ सालीं ही शास्त्र्यांची नेमणूक बंद झाली. परंतु त्यांनीं दिलेलीं उत्तरें रेमंड वेस्ट व योहान गेओर्ग ब्यूलर ह्या दोघांनीं जमवून हिंदु कायद्यावरील एका मोठ्या ग्रंथांत घातलीं, आणि तो ग्रंथ १८६७ पासून छापून निघूं लागला. हे वेस्टसाहेब पुढें स्वतःच हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. एका परीनें पाहतां जुन्या शास्त्र्यांची विद्या अशी न्यायासनावर चढली.

तिचीं फळें आपल्या घरांत दिसत होतीं. मुंबई इलाख्यांत मयूखाच्या आधारें बहिणीला वारसांत स्थान मिळालें. बापाची मिळकत मुलीला वारशानें आली तर ती पूर्ण मालकीनें येई. बंगाल किंवा मद्रास इकडील मुलीला ती बहुधा हयातीपुरतीच भोगावयास मिळे. नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसतांहि महाराष्ट्रांतील विधवेला दत्तक घेतां येई, मात्र एकत्र कुटुंबांत ह्या हक्काला पुष्कळ अटी जडलेल्या होत्या. आमच्या पूर्वजांचे रिवाज सर्वत्र सारखेच कठोर होते असें जे म्हणतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. आणि आमचे रिवाज सर्वत्र उदारच होते असें जे म्हणतात, त्यांनीं पुढील हकीकत वाचावी.

रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी ह्यांच्याशीं झालें होतें. त्या नवऱ्याकडे कधीं नांदावयास गेल्या नाहींत. १८८४ सालीं नवऱ्यानें ताब्याची फिर्याद केली. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं ती काढून टाकली. जी स्त्री जाणत्या वयांत संसाराला कधीं कबूल झालीच नाहीं, तिला ओढून नेऊन नवऱ्याच्या स्वाधीन करणें त्यांना रानटीपणाचें वाटलें. १८८६ सालीं अपिलांत मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ति बेली ह्यांनीं तो निर्णय फिरविला. १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईंनीं एक महिन्यांत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बसावें. त्यांनीं तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली. १९५५ सालीं त्या वारल्या. पिन्हे ह्यांच्यावर त्या काळीं आमच्याच लोकांनीं कडक टीका केली. लोकमान्यांचीं पत्रेंहि त्यांत मागें नव्हतीं. आज फॅरन ह्यांचा हुकूम कोणाहि सुज्ञ कुटुंबास वाचवणार नाहीं. वरच्या न्यायासनानें चूक ठरविलेला निर्णयच काळानें बरोबर ठरविला.

ह्या खटल्यांत रखमाबाईंच्या वकिलांपैकीं एक तेलंग होते. भगवद्गीतेचें त्यांचें इंग्रजी भाषांतर १८८२ सालीं प्रसिद्ध झालेलें होतें. न्यायासनावर आल्यावर त्यांच्यापुढें आपाजी नरहर कुळकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी हा एकत्र कुटुंबाच्या मर्मावरचा खटला पूर्णपीठांत आला. प्रश्न असा होता: बाप आपल्या बापाशीं अथवा भावांशीं एकत्र असतां, मुलाला बापाच्या संमतीवांचून वाटणी मागतां येईल काय? बहुमत पडलें कीं येणार नाहीं. तेलंगांनीं एकट्यानें भिन्न मत लिहिलें. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाचें स्वत्व जन्मतःच उत्पन्न होतें, हें त्या मताचें मूळ. मुंबई इलाख्यांत बहुमताचा नियम चालू राहिला, परंतु इतर प्रांतांतील न्यायालयांनीं मुलाचा हक्क मानला. ज्यांना एकत्र कुटुंब प्रिय आहे त्यांना बहुमतच गोड वाटेल. आम्हांसहि एकत्र कुटुंब प्रिय आहे. परंतु ज्याला बाहेर पडण्याची मोकळीक आहे तो राहतो तेव्हांच त्याच्या राहण्याला किंमत येते, असें आमचें मत होत चाललें आहे.

आतां एक अप्रिय गोष्ट. ज्या तेलंगांनीं न्यायालयांत रखमाबाईंची बाजू मांडली, त्यांनींच स्वतःच्या मुलीचें लग्न तिच्या बालवयांत लावलें, आणि त्याबद्दल सुधारकांनीं त्यांना दोष दिला. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे १८७३ सालीं विधुर झाले. तेव्हां ते एकतीस वर्षांचे होते. वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनीं त्याच वर्षीं अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. त्या मुलीला त्यांनीं शिकविलें. त्याच पुढें सेवासदनाच्या रमाबाई रानडे झाल्या, हें खरें. तरीहि न्यायासनावर जें मनुष्याला लिहितां येतें, तें वडिलांपुढें उभें राहून बोलतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. त्यांना हंसण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. आपल्यांपैकीं किती जण सभेंत एक बोलतात आणि ओटीवर दुसरेंच करतात!

राजद्रोहाच्या खटल्यांतहि हेंच पाहावयास मिळतें. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठीं दिनशा दावर ह्यांनीं वकील म्हणून वाद केला आणि न्यायमूर्ति तय्यबजी ह्यांनीं जामीन दिला. अकरा वर्षांनीं, १९०८ सालीं, तेच दावर न्यायासनावर होते. त्यांनीं टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा दिली. १९१६ सालीं टिळकांकडून जामीनकतबा मागणारा मॅजिस्ट्रेटचा हुकूम न्यायमूर्ति बॅचलर व न्यायमूर्ति शहा ह्यांनीं रद्द केला. इमारत तीच, आरोपी तोच. आसनावर बसणारा मनुष्य मात्र बदलत गेला. शिक्षा ऐकल्यावर टिळकांनीं जे उद्गार काढले, ते कोरलेली शिला १९५६ सालीं त्याच न्यायालयांत बसविली गेली आणि खुद्द मुख्य न्यायाधीश छागला ह्यांनीं तिचें अनावरण केलें. आपल्या हातून झालेला अन्याय आपल्याच भिंतीवर कोरून ठेवणारी संस्था विरळा. घरांनींहि हें शिकण्याजोगें आहे.

हें सर्व आज सांगण्याचें कारण असें. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि सर्व देशानें २००५ सालीं एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क दिला. बाप २००५ पूर्वीं वारला असला तरी तो हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. तेलंगांनीं मुलासाठीं ज्या जन्मस्वत्वाचा आग्रह धरला, तें आतां मुलीपर्यंत आलें आहे. तथापि आमच्या पाहण्यांत असें येतें कीं, वडील गेल्यावर तेराव्याचें जेवण आटोपतें न आटोपतें तोंच बहिणींपुढें हक्कसोडपत्र ठेवलें जातें. त्यावर काय लिहिलें आहे तें कोणी वाचून दाखवीत नाहीं. "ताई, येथें फक्त सही कर," एवढेंच सांगितलें जातें. माहेरची वाट बंद होऊं नये म्हणून ताई सही करते, आणि भाऊबीजेला ओवाळावयास येते. कायद्याच्या दृष्टीनें हें सर्व यथास्थित असतें. तेथें न्यायाधीश नसतो, वकील नसतो, भिन्न मत लिहून ठेवणाराहि कोणी नसतो.

बहिणीनें हक्क सोडूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. प्रेमानें सोडलेल्या हक्काला मोठी शोभा आहे. परंतु काय सोडलें जात आहे हें आधीं तिला स्वच्छ सांगावें, विचाराला चार महिने द्यावे, आणि ती "नाहीं" म्हणाली तरी माहेरचें दार तिला पूर्वीप्रमाणेंच उघडें राहील अशी खात्री घरांतील वडील माणसांनीं सर्वांदेखत द्यावी. मग ती जें ठरवील तें खरें.

उच्च न्यायालयाच्या माथ्यावर न्याय आणि दया ह्या दोन मूर्ति आहेत असें आम्ही वर सांगितलें. घरांत आपण दयेचीच मूर्ति तेवढी ठेवतों आणि न्यायाचें काम तिच्याकडूनच करून घेतों. म्हणून बहिणीला साडी मिळते आणि हिशेब मिळत नाहीं. माळ्यावरच्या त्या दप्तरांत आजीच्या आंगठ्याची निशाणी आहे. तो आंगठा उमटला तेव्हां तिला तो कागद कोणीं वाचून दाखविला होता काय, हें आतां कळावयास मार्ग नाहीं. आपल्या नातवंडांना तरी हा प्रश्न पडूं नये, इतकी तजवीज आपल्या हातीं आहे.