वाट विचारा की!

सीमाभागातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेचा किती अभिमान आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्या अभिमानावरच आमच्यासारख्या शाळा आजवर तगल्या आहेत. पण ज्या भाषेचा इतका अभिमान, ती आपण अनोळखी माणसाशी कितीदा बोलतो, हा प्रश्न मी या दिवाळीत विचारणार आहे आणि तो विचारताना कुणाची भीड ठेवणार नाही. घरात आपण मराठी बोलतो, सभेत बोलतो, व्यासपीठावर तर बोलतोच बोलतो. पण गाडीची काच खाली करून, "अहो काका, ही वाट कुठं जाते?" असे शेवटचे कधी विचारले, ते वाचकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहावे.

आठवणार नाही. कारण वाट विचारायची गरजच आपण संपवून टाकली आहे. आमच्या बेळगावकडचे एखादे सुखवस्तू कुटुंब समुद्र पाहायला निघते ते कसे? हॉटेलची खोली महिनाभर आधी ठरलेली. गाडी नवी, काचा बंद, आत गारवा. पुढे मोबाइल टांगलेला आणि त्यातली बाई इंग्रजीत उजवे-डावे सांगते आहे. मागे मुले कानांत बोंडे घालून बसलेली. चोर्ला घाट कधी आला आणि कधी गेला, कुणाला पत्ता नाही. दोन दिवस वाळूत फोटो काढायचे आणि रविवारी रात्री परत. सोमवारी वर्गात मी विचारतो, "गोव्यात कुणाशी बोललास रे?" मुलगा विचार करून सांगतो, "वेटरशी, सर." कुठल्या भाषेत? "हिंदीत."

याला मी प्रवास म्हणायला तयार नाही. ही पार्सलची ने-आण झाली. आणि त्या हिंदीची तर मला खरोखर चीड येते. मराठी आणि कोकणी या सख्ख्या बहिणींसारख्या भाषा. त्या बोलणारी दोन माणसे समोरासमोर येतात आणि "भैया, बीच किधर है" म्हणतात! एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही असे नाही. ती ऐकायची सवय गेली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, सीमाभागातल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने वर्षातून एकदा काहीही न ठरवता किनाऱ्याकडे निघावे, आणि शक्य असेल तर जुन्या गाडीतून निघावे. नव्या गाडीचा मोठा दोष हा की ती बंद पडत नाही. जुन्या व्हॅनमध्ये गारव्याचे यंत्र नसते, त्यामुळे काचा उघड्या राहतात आणि बाहेरचे बोलणे आत येते. इंजिन पुढच्या आसनाखाली असल्यामुळे चढ आला की बूड भाजते, मग थांबावे लागते. आणि थांबले की तोंड उघडावे लागते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये दसऱ्याच्या सुटीत आम्ही पाच जण खानापूरला एका मित्राकडे चहा घ्यायला म्हणून निघालो होतो. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक छापखानेवाले, एक औषधांचे दुकानदार, एक आमच्याच गावातल्या दुसऱ्या शाळेतले कन्नडचे सर आणि मी. गाडी छापखानेवाल्यांची, लग्नपत्रिकांचे गठ्ठे वाहून वाहून थकलेली जुनी व्हॅन. चहा झाला, आणि दुकानदार म्हणाले, "परत काय जायचं? कारवार बघूया की." कुणाजवळ दात घासायचा ब्रशसुद्धा नव्हता. घरी फोन केले, जे ऐकून घ्यायचे ते ऐकून घेतले आणि रामनगरच्या रस्त्याला लागलो.

रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा असा हा रस्ता सदाशिवगडाशी किनाऱ्याला टेकतो. जोयडा तालुक्याला आमचे जुने लोक अजून सुपे म्हणतात. सुपे गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. अणशीच्या रानात मोबाइल मुका झाला. पुढे एका फाट्यावर दोन रस्ते दिसले, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही मराठीत विचारले. त्यांनी कोकणीत सांगितले. आमच्या कन्नडच्या सरांनी खात्री करून घ्यायला कन्नडमध्ये विचारले, तर त्यांनी तेच कन्नडमध्ये सांगितले आणि वर विचारले, "मराठीत सांगू काय?" अंगात साधा सदरा, पायांत चपला नाहीत, आणि तीन भाषा. आमच्या शाळांमधून दहा वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या किती मुलांची ही तयारी आहे?

कारवारला गेलो की आम्ही मराठी माणसे हळहळतो. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, ही सनावळी मी मुलांना पाठ करायला लावतो. पण कारवारची आणखी एक गोष्टही सांगायला हवी. सत्येंद्रनाथ ठाकूर तेथे जिल्हा न्यायाधीश असताना त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ १८८३ साली कारवारला राहिले होते. एकदा ते होडीने काळी नदीतून वर गेले आणि चांदण्यात एका शेतकऱ्याच्या झाडलेल्या अंगणात बसून बरोबरचे खाणे खाल्ले, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी त्याच मुक्कामात लिहिले. ऐन तारुण्यातला बंगाली जमीनदाराचा मुलगा कारवारच्या शेतकऱ्याच्या अंगणात बसू शकतो. आपण मात्र किनाऱ्यावर जाऊन आपल्याच गावच्या लोकांबरोबर हॉटेलात बसतो.

दुसऱ्या दिवशी माजाळीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलो आणि काणकोणच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. दुकानदार आणि मी मेस्त्री शोधायला चालत निघालो. एका भुसारी दुकानात विचारले, तर बाईंनी "सरळ वचात, मागीर दावे वटेन" असे सांगितले. दुकानदार गोंधळले. अहो, आपले 'डावे' तेच त्यांचे 'दावे'! 'ड'चा 'द' झाला एवढेच. आपण या एका अक्षराच्या फरकाला परकी भाषा समजतो आणि हिंदीचा आधार घेतो.

मेस्त्री मिळाला तो गदगकडचा. पोटासाठी गोव्यात आलेला तरुण पोरगा. आता आमच्या छापखानेवाल्यांविषयी सांगतो. हे गृहस्थ बेळगावात सरकारी खिडकीपाशी कन्नडचा एक शब्द उच्चारत नाहीत. कागद मराठीत मिळावा हा त्यांचा हक्क आहे आणि तो ते गेली तीस वर्षे मागत आले आहेत. तेच गृहस्थ त्या पोराच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "एनागेद नोडपा तम्मा." काय झालंय ते बघ रे बाळा! मग तासभर दोघांचे अस्खलित कन्नड चालले. गदगचा पाऊस झाला, शेंगांचा भाव झाला, पोराच्या आईचे गुडघे झाले. पोराने मजुरीत एक रुपया कमी केला नाही, आणि ते योग्यच होते. पण निघताना तो छापखानेवाल्यांना "मत्त बर्री, अण्णा" म्हणाला. पुन्हा या.

माझा सगळा वाद या एका गोष्टीवर उभा आहे. सक्तीने मागितलेली भाषा माणूस देत नाही. अडल्या वेळी तीच भाषा तो आपण होऊन देतो आणि देताना सुखावतो. सक्ती करणाऱ्या कचेऱ्यांना हे कळत नाही, म्हणून त्यांच्याशी आपले भांडण आहे आणि ते राहील. पण कचेरीशी असलेले भांडण आपण रस्त्यावरच्या माणसापर्यंत नेतो, त्याचे काय? खिडकीपलीकडचा हुकूम आणि फाट्यावरचा म्हातारा यांत आपल्या मुलांना फरक कळेनासा झाला आहे. "कन्नड कशाला शिकायचं सर, पासापुरतं बस्स की," असे चांगल्या घरची मुले मला तोंडावर सांगतात. हे वाक्य ती घरी ऐकतात, हे मला माहीत आहे.

आपल्या पूर्वजांनी असा हिशेब केला असता तर? १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेले आहे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण कवी ते कन्नडचे. त्यांना १९७३चे ज्ञानपीठ मिळाले आणि पुढच्याच वर्षीचे वि. स. खांडेकरांना. शेजाऱ्याचे ऐकल्याने आपली भाषा बुडते, असे म्हणणाऱ्यांनी आधी या नावांना उत्तर द्यावे.

तिसऱ्या दिवशी केरीला फेरीबोटीत गाडी घातली. नदी म्हणजे हद्द असे आम्ही भूगोलात शिकवतो. पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या भूमीला चिकटून आहे, आणि तरी तो गोव्यात आहे. बोटीवर एका मासेविक्या बाईंनी आम्हांला विचारले, "खंयचे तुमी?" बेळगावचे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हजी धूव बेळगांवां दिल्या." मुलगी आमच्या गावात दिलेली! नदी ओलांडेपर्यंत जावयाची नोकरी, नातवाची शाळा, सगळे कळले. ती शाळा इंग्रजी माध्यमाची निघाली, त्यावर मी बोललो नाही.

तेथून रेडीवरून शिरोड्याला आलो. १९२० ते १९३८ या काळात खांडेकरांनी याच गावातल्या शाळेत मास्तरकी केली. १९३०चा मिठाचा सत्याग्रह येथलाच, आणि जयवंत दळवींचे आरवली हाकेच्या अंतरावर. एका खानावळीत तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी झाली. मालकीणबाईंनी मालवणीत आमची चौकशी केली, आम्ही बेळगावी मराठीत उत्तरे दिली आणि त्या आमच्या 'की ओ'ला मनमुराद हसल्या. आम्हीही हसलो. मग आंबोली चढून चंदगडमार्गे रात्री घरी. तीन दिवस, तीन राज्ये, आणि मोजून एकदाही हिंदी नाही.

यावर आक्षेप येतील, त्यांची दखल घेतो. पहिला आक्षेप बायकामुलांना घेऊन असे निघणे धोक्याचे, हा. मी बेफिकिरी शिकवत नाही. ब्रेक तपासावेत, भर पावसात घाटात जाऊ नये, अंधार पडायच्या आत मुक्काम धरावा. पण रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, ही समजूतही सोडावी. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूरला राष्ट्रीय महामार्ग ६६वर दरड कोसळून माणसे दगावली. पुढे तीन आठवड्यांनी, ७ ऑगस्टला, त्याच महामार्गावरचा काळी नदीचा जुना पूल कोसळला आणि एक मालमोटार पाण्यात गेली. मोबाइलच्या नकाशात दरड आणि पूल यांची एकच निळी रेघ असते. कुठला डोंगर पावसात सैल होतो, कुठला साकव बुडतो, हे चहाच्या टपरीवर विचारावे लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जुन्या गाडीच्या पेट्रोलला आणि साध्या खोल्यांना आम्हां पाच जणांना मिळून जे लागले, तेवढ्यात त्या ठरवलेल्या हॉटेलातली एक रात्र होत नाही. तिसरा आक्षेप माझ्यावरच येईल: मुख्याध्यापक आहात, मग शाळेची सहल अशी का काढत नाही? शाळेची सहल अशी काढता येत नाही आणि काढूही नये. परक्यांची शंभर मुले घेऊन निघताना रस्ता, वेळ, मुक्काम, सगळे कागदावर असलेच पाहिजे. म्हणूनच हे काम घराचे आहे.

तेव्हा येत्या सुटीत एवढे करा. कारवार, काणकोण, शिरोडा, वेंगुर्ले, कुठेही निघा. मोबाइल खणात ठेवा. हायस्कुलात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पुढच्या आसनावर बसवा. वाट तिने विचारायची, आधी मराठीत, मग समोरच्याच्या भाषेत जमेल तशी. चुकली तर चुकू द्या, पाच-दहा किलोमीटरचे पेट्रोल जाईल. मोठ्यांनी मात्र मध्ये बोलायचे नाही. हे सर्वांत अवघड आहे, विशेषतः मास्तरांना, पण करून पाहा.