पिस्तूल म्हणजे कीबोर्ड नव्हे

गेल्या वर्षी खंडेनवमीची पूजा आम्ही नेहमीप्रमाणे सोयीच्या शनिवारी केली. ऑस्टिनजवळ राहणाऱ्या एका मित्राच्या घरी आठ-दहा मराठी टाळकी जमली होती. पाटावर दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली, वहिनींची शिलाई मशीन, स्क्रूड्रायव्हरचा संच. आणि मधोमध, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलेलं एक पिस्तूल.

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. प्रसाद खाऊन झाल्यावर मित्राने ते हातात घेतलं, रिकामं आहे हे मला दाखवलं आणि पुढची चाळीस मिनिटं त्यात काय काय बदललंय ते सांगितलं. मूळ यंत्र सिग सॉअर पी३६५. ग्रिप दुसऱ्या कंपनीची, ट्रिगर तिसऱ्या, वर लाल ठिपक्याची दुर्बीण चौथ्या. स्लाइडला खाचा पाडून घेतलेल्या, आणि त्यावर वाळवंटी रंगाचा सिरॅमिक लेप. मूळ पिस्तुलाच्या किमतीइतकेच पैसे या बदलांवर गेले होते.

हा सूर मला ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी हाच मित्र याच उत्साहाने मेकॅनिकल कीबोर्ड दाखवत होता. स्विच वेगळे, स्प्रिंगला वंगण, किल्ल्यांचा रंग खास मागवलेला. हौसेला मोल नाही, हे मलाही मान्य आहे. पण मी एकच प्रश्न विचारला : "ट्रिगर बदलल्यावर किती गोळ्या झाडून पाहिल्यास?"

"पन्नास असतील."

हा लेख त्या पन्नास गोळ्यांबद्दल आहे.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे 'उचलली जीभ लावली टाळ्याला' असं कुणी म्हणायला नको. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राला लग्नामुळे ग्रीन कार्ड मिळालं, तो विकत घेऊ शकतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढ माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला वेगळा परवाना लागत नाही, आणि आता देशातल्या निम्म्याहून अधिक राज्यांत अशीच स्थिती आहे. हे बरोबर की चूक, यावर मला मत आहे, पण आज तो वाद घालायचा नाही. तू बाळगतोस, कायदा परवानगी देतो, ठीक. मी तुझ्याच मैदानात उतरून बोलतो : इंजिनिअर म्हणून तू हे जे करतोयस, ते वाईट इंजिनिअरिंग आहे.

खिशात किंवा कमरेला मावणारं पिस्तूल ही मुळात तडजोडींची वस्तू आहे. ग्लॉक १९ हे १९८८ सालचं मॉडेल. सुमारे १०२ मिलिमीटरची नळी आणि पंधरा गोळ्या, ही बरीच वर्षं 'कॉम्पॅक्ट'ची व्याख्या होती. २०१८ मध्ये पी३६५ आलं आणि त्याहून कितीतरी छोट्या आकारात मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसवल्या. आकार घटला की नळी छोटी होते, पकड आखूड होते, धक्का हाताला जास्त जाणवतो, स्लाइडला मागेपुढे व्हायला वेळ आणि जागा कमी मिळते. कारखान्यातल्या लोकांनी स्प्रिंगचा ताण, ट्रिगरचा जोर, स्लाइडचं वजन हे सगळं एकमेकांशी जुळवून ठेवलेलं असतं. त्यातला एक आकडा बदलला की बाकीचे आकडे जागेवर राहतील याची हमी कुणी दिली?

ट्रिगरचंच घ्या. ग्लॉकचा नेहमीचा ट्रिगर ओढायला साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. हौशी लोकांना तो जड वाटतो. न्यूयॉर्क पोलिसांनी मात्र कित्येक वर्षं उलटं केलं : त्यांनी बारा पौंडांचा ट्रिगर बसवून घेतला, जेणेकरून घाबरलेल्या पोलिसाचं बोट चुकून आवळलं जाऊन गोळी सुटू नये. याचीही किंमत होतीच. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगबाहेर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. जड ट्रिगरमुळे नेम बिघडतो का, यावर मग वाद रंगला. म्हणजे हलका की जड, याला सोपं उत्तर नाही. तो निर्णय आहे, आणि निर्णयाला परिणाम असतात. तू तो निर्णय जेवणाच्या टेबलावर, व्हिडिओ बघत, वीस मिनिटांत घेतलास.

बरं, कारखान्यालाही सगळं जमतं असं नाही. सिग सॉअरनेच २०१७ मध्ये पी३२० या मॉडेलसाठी ऐच्छिक अपग्रेड जाहीर केलं, कारण ठरावीक कोनात खाली पडल्यावर ते ट्रिगरला बोट न लावता उडू शकतं असं चाचण्यांत दिसलं होतं. प्रयोगशाळा, चाचण्यांची यंत्रं, पगारी इंजिनिअर असलेल्या कंपनीच्या हातून हे सुटलं. आणि आपण चार कंपन्यांचे भाग एकत्र बसवून, पन्नास गोळ्या झाडून म्हणतो, "चालतंय." ऑफिसात कुणी असा कोड मर्ज करायला आणला, तर आपण त्याला परत पाठवतो. तिथे निदान रोलबॅक असतो.

या पिस्तुलांची रचनाच बदलाला आमंत्रण देते, हेही मान्य करू. पी३६५ मध्ये कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' म्हणजे फक्त आतला नंबर कोरलेला छोटा धातूचा गाभा. बाकी ग्रिप, स्लाइड, नळी सगळं पुस्तकासारखं घरपोच मागवता येतं. दर आठवड्याला नवा भाग, नवा फोटो. पण याच पिस्तुलाची देखभाल कुणी फोटोत दाखवत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. नेमकं तिथेच खरं काम आहे.

रोज कमरेला लावलेल्या पिस्तुलात घाम जातो, कपड्यांचा कापूस जातो, धूळ जाते. तेल कमी झालं तर गंज चढतो. जास्त झालं तर तेलावर कापूस चिकटून चिखल होतो. दुर्बिणीत नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की लाल ठिपका गायब. दुर्बिणीचे स्क्रू धक्क्याने ढिले होतात, आणि ते ठरावीक ताणानेच आवळावे लागतात. रिकॉइल स्प्रिंगचं आयुष्य संपतं, मॅगझिनची स्प्रिंग थकते. आणि एक गोष्ट, जी माझ्या मित्राला माहीत नव्हती : तो रोज रात्री चेंबर रिकामा करायचा आणि सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा चढवायचा. दर वेळी त्या गोळीचं टोक उतारावर आपटतं आणि गोळी केसात किंचित आत सरकते. आतली जागा कमी झाली की बार उडताना दाब वाढतो. एकच काडतूस महिनोन्‌महिने असं वापरलं तर ते धोकादायक होऊ शकतं. उपाय फुकट आहे : काडतुसं फिरवत राहा, लांबी तपासा, आखूड झालेलं वेगळं काढा. फुकट आहे म्हणूनच त्याची जाहिरात नाही.

साफ करणं हेही बिनधोक नाही. ग्लॉक खोलायचं तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. म्हणजे चेंबरमध्ये गोळी राहिली असेल, तर देखभाल करतानाच अपघात. यावर उपाय एखादा सुटा भाग नाही. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी कुठे रोखली आहे ते बघा. दर वेळी. शंभराव्या वेळीही.

आता मूळ प्रश्न. सिक्युरिटीत काम करणारा प्रत्येक जण आधी विचारतो : धोका कुठून आहे? मित्राचं उत्तर ठरलेलं होतं, पार्किंगमधला अनोळखी माणूस. असे हल्ले होतात, मी नाकारत नाही. पण आकडे बघा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातली २६,३२८ आत्महत्या होत्या. अर्ध्याहून जास्त. आपण पार्किंगमधला साप म्हणून भुई धोपटत बसतो, आणि घरातल्या धोक्याचं नावही काढत नाही. कस्टमायझेशनचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. ते भीतीचं रूपांतर खरेदीत करतं. कुठला ट्रिगर, कुठली दुर्बीण, या प्रश्नांत माणूस इतका रमतो की 'घरात कुणाच्या हाती लागेल' आणि 'माझी मनःस्थिती बरी नसेल तेव्हा काय' हे प्रश्न उरतच नाहीत.

मित्राला चार वर्षांची मुलगी आहे. टेक्सासमध्ये सतराखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे. खंडेनवमीच्या दिवशी मी विचारलं, ठेवतोस कुठे? कपाटात वरच्या कप्प्यात, बुटांच्या खोक्यात. ट्रिगर हलका केलेलं पिस्तूल, बुटांच्या खोक्यात. दुर्बिणीच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात कुलपाची पेटी येते, पण ती कमरेला लावून मिरवता येत नाही.

आणि मग जानेवारी आला. त्याची नोकरी गेली. एका सकाळी मेल, दुपारी लॅपटॉप बंद. पंधरा दिवस तो फोन उचलत नव्हता. उचलला की "ठीक आहे रे" म्हणायचा. त्या पंधरा दिवसांत मला त्या बुटांच्या खोक्याशिवाय काही सुचत नव्हतं. विचारावं कसं? आमच्याकडे ट्रिगरबद्दल बोलायला चाळीस मिनिटं होती, याबद्दल बोलायला एक वाक्य नव्हतं. आणि "दे, मी काही दिवस ठेवतो" असंही मी म्हणू शकत नव्हतो, कायद्याने मला ते बाळगायची मुभाच नाही.

शेवटी गाडी काढून गेलो. चहा झाला. मी सरळ विचारलं, "अरे, स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एवढं नाही. पण रात्री त्या कपाटाकडे लक्ष जातं." त्याच संध्याकाळी त्याने वहिनींना सगळं सांगितलं आणि पिस्तूल सासऱ्यांच्या तिजोरीत गेलं. ते इथलेच नागरिक आहेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. आता तो नव्या नोकरीत आहे, समुपदेशकाकडे जातो. पिस्तूल अजून तिकडेच आहे. विचारल्याने काही बिघडलं नाही, उलट त्याला हायसं वाटलं. तुमचा असा मित्र असेल तर तुम्हीही विचारा.

माझ्यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे : प्रत्येक बदल हा नखरा नसतो. लहान हाताच्या माणसाला वेगळी ग्रिप लागते. नजर कमी झालेल्याला ठसठशीत साइट लागते. ट्रिगर पूर्ण झाकणारं घट्ट होल्स्टर ही तर चैन नाहीच, गरज आहे. हे सगळं कबूल. फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. बदल कुठल्या अडचणीसाठी केला ते एका वाक्यात सांगता येतं का? नंतर शेकडो गोळ्या झाडून, रोजच्याच काडतुसांनी तपासलं का? उत्तर नाही असेल, तर ट्रिगर आणि आतले भाग कारखान्यातून आले तसे राहू द्या. पैसे आधी कुलपाच्या पेटीवर, मग प्रशिक्षणावर, मग सरावाच्या काडतुसांवर. रंगाचा लेप यादीत शेवटी, आणि तोवर पैसे उरले नाहीत तरी काही बिघडत नाही.

दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतो, पण त्यामागची गोष्ट अर्धीच सांगतो. पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावरून उतरवली, हे लक्षात राहतं. त्याआधी वर्षभर ती तिथे बांधून ठेवली होती, हे राहत नाही. भीम-अर्जुनाच्या हाताशी वर्षभर शस्त्र नव्हतं. या वर्षी मित्राच्या पाटावर लॅपटॉप आणि शिलाई मशीन असेल. पिस्तुलाची जागा रिकामी राहिली तरी पूजा होते.