किलोभर डाळ ही लाच नव्हे

लोकांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही, म्हणून ते मुलांना लसी टोचून घेत नाहीत. तेव्हा त्यांना नीट समजावले की काम झाले, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची जुनी श्रद्धा आहे. भिंतींवरच्या घोषणा, प्रभातफेऱ्या, पाहुण्यांची भाषणे हा सगळा खटाटोप तिच्यातूनच निघतो. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला, आणि या श्रद्धेला त्याने चांगलाच धक्का दिला. काही गावांत काहीच बदल केला नाही. तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुले जेमतेम ६ टक्के निघाली. काही गावांत महिन्याच्या ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवले. तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के.

यावर ‘बघा, लोक डाळीसाठी येतात, मुलासाठी नाही’ असे नाक मुरडणे सोपे आहे. पण पहिला डोस घेणाऱ्यांचा आकडा दोन्ही प्रकारच्या शिबिरांत जवळपास सारखाच होता: चारातली तीन मुले. म्हणजे आयांचा लसीला विरोध नव्हता. अज्ञानामुळे त्या दूर राहिल्या असत्या, तर पहिल्या दिवशीच आल्या नसत्या. गळती होत होती ती पुढे, तिसऱ्या-चौथ्या खेपेपाशी, आणि डाळीने थांबवली ती ही गळती. पूर्ण लसीकरणाला एकूण पाच खेपा लागत. टोचल्यावर रात्री मूल तापाने फणफणते, मांडीला गाठ येते, ते रडून घर डोक्यावर घेते. हा त्रास आजचा आणि डोळ्यांसमोरचा. गोवर टळला, हे मात्र कधी दिसतच नाही, कारण न झालेला आजार कोणाला दिसणार? त्यात खेपेगणिक मजुरीचा दिवस बुडण्याची धास्ती. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारी बाई अडाणी नसते. विम्याचा अर्ज टेबलावर महिनोन्महिने लोळत ठेवणारा साहेबही हाच हिशेब करत असतो.

राहता राहिला लाचेचा आक्षेप. आरोग्यविम्याचा हप्ता भरणाऱ्याला कलम ८० डी खाली वर्षानुवर्षे प्राप्तिकरात सवलत मिळत आली, तिला कोणी लाच म्हटल्याचे ऐकिवात नाही. गरिबाच्या पदरात डाळ पडली की मात्र आपल्याला एकदम स्वाभिमान आठवतो. खर्चाचा आक्षेप तर आकड्यांपुढे टिकतच नाही. शिबिरात बसलेल्या नर्सचा रोज दहा मुले आली काय नि तीस आली काय, तेवढाच. त्यामुळे पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च डाळीसकट जवळपास निम्म्यावर आला.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो: डाळ हा सर्वत्र लागू पडणारा तोडगा नव्हे. लसीकरण पाच खेपांत संपते, तंबाखूचे तसे नाही. फिलिपिन्समध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बँकेत पैसे ठेवायला सांगून, सहा महिन्यांनी लघवीत निकोटिन सापडले तर ते जप्त करण्याची योजना राबवली गेली. फरक पडला आणि वर्षभर टिकला, पण तो लहान होता. शिवाय विचारलेल्यांपैकी फार थोड्यांनीच ती स्वीकारली. आणि उदयपुरातही ३९ म्हणजे शंभर नव्हेत.

पण त्या ६ टक्क्यांचा दोष आईच्या माथी मारण्याआधी उपकेंद्राच्या दाराकडेही बघायला हवे. त्या भागात कोणत्याही कामाच्या दिवशी लसीकरणाची जबाबदारी असलेले सुमारे ४५ टक्के कर्मचारी जागेवर सापडत नसत. मूल कडेवर घेऊन, ऊन तुडवत गेलेल्या बाईला कुलूप दिसले, की पुढच्या वेळी तिला कोणत्या घोषणेने घराबाहेर काढणार? प्रयोगातल्या नर्सना म्हणूनच शिबिरात हजर असल्याचा, तारीख-वेळ उमटलेला फोटो काढावा लागे. तेवढ्याने, डाळीचा एक दाणाही न वाटता, सहाचे अठरा झाले.