पापणीचे वय

लोंबू लागलेली वरची पापणी, खालच्या पापणीखाली फुगून आलेल्या मेदाच्या पिशव्या आणि डोळ्यांच्या कडांना पडलेल्या सुरकुत्या लेसरने दूर करून घ्या व पुन्हा तरुण दिसा, अशा जाहिराती आता वेंगुर्ल्यातही मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागल्या आहेत. मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. डोळा हा जितका वैद्यकाचा तितकाच वाङ्मयाचा विषय आहे, आणि डोळे कसे असावेत याची कल्पना समाजमनात रुजवण्यात वाङ्मयाचा वाटा लहान नाही, हे आमचे उत्तर.

साहित्यिक वर्तुळात या विषयाची बोळवण एका शब्दात होते: ययाति! आमच्याकडे तर हा दाखला जिभेवरच असतो. कारण १९५९ साली 'ययाति' ही कादंबरी देणारे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात आमच्याच तालुक्यातील शिरोड्याला शिक्षक होते. परंतु हा दाखला येथे अन्यायकारक आहे. ययातीने तारुण्य आपल्या पुत्राकडून घेतले. पापणीची शस्त्रक्रिया करून घेणारी बाई कोणाचे काहीच हिरावून घेत नाही. निवृत्तीला आलेल्या एका सहकारी बाईंनी या उपचाराची नुसती चौकशी केली, तेव्हा अध्यापक-कक्षात पिकलेला हशा आम्ही ऐकला आहे. हसणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेकांच्या केसांना कलप होता.

शिवाय ज्या तंत्राला आपण परकीय चैन म्हणून हसतो, त्याची मुळे आपल्याच मातीत आहेत. या कामी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. या लेसरची ऊर्जा पेशींतील पाणी शोषून घेते. ऊती नेमक्या जागी बाष्परूप होतात, बारीक रक्तवाहिन्या तेथल्या तेथे बंद होतात, म्हणून रक्तस्राव कमी होतो.

त्याही मागे जावे. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचे नाक व एक हात १७९२ च्या युद्धात टिपूने कापविला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये ती पद्धत अवलंबिली, आणि १८१८ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफे यांनी पापणी दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेला तिचे आजचे नाव दिले. कावसजीला नव्या नाकाने चार माणसांत तोंड दाखवता आले. 'नुसते दिसणे' ही क्षुल्लक गोष्ट नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग आमचा आक्षेप कशाला? कावसजीचे नाक ही जखम होती. वय ही जखम नव्हे. जाहिरात वयालाच जखम ठरवते, आणि मग जगणारा प्रत्येक जण जखमी ठरतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लेसरनंतर काळे डाग राहण्याचा संभव अधिक असतो, त्वचा प्रमाणाबाहेर काढली गेली तर डोळा पुरता मिटत नाही व कोरडा पडतो, हे मात्र जाहिरातीत ठळक अक्षरांत नसते.

पण सारा दोष जाहिरातीचा नाही. संस्कृत काव्यापासून लावणीपर्यंत नायिकेचे डोळे मृगाचे, मीनाचे, कमळाचे. म्हणजे पाहिले जाण्याचे. बोलीतले डोळे वेगळे आहेत. आपण डोळ्यांत तेल घालून पहारा करतो, वाटेकडे डोळे लावतो, डोळ्यांत प्राण आणून कोणाची तरी वाट पाहतो. हे डोळे पाहण्याचे काम करतात. बंदरावर होड्यांची वाट पाहत, पाण्याच्या चकाकीत वर्षानुवर्षे डोळे बारीक करणाऱ्या मासळीविक्रेतीच्या डोळ्यांच्या कडांना रेषा पडतात, त्या या कामाच्या खुणा आहेत. उन्हाने तिच्या त्वचेचा ताठरपणा घालवला हे खरे. पण तिचे त्यात उणे काय झाले?

तिची वरची पापणी बाहुलीवर उतरून समोरचे दिसेनासे झाले, तर मात्र शस्त्रक्रिया ही तिची गरज आहे, आणि ती तिला सरकारी रुग्णालयात सन्मानाने मिळाली पाहिजे. दृष्टीसाठीची पापणी आणि दर्शनासाठीची पापणी यांत आम्ही हा क्रम लावतो. दुसरीला आमची बंदी नाही. ज्यांना हवी त्यांनी धोके समजून, स्वतःच्या पैशाने आणि ताठ मानेने ती करून घ्यावी. हसणाऱ्यांनी आधी आरशात पाहावे. मात्र नोकरी टिकावी, नवऱ्याने नाव ठेवू नये किंवा समारंभाच्या छायाचित्रात थकलेले दिसू नये, या धाकाने कोणी त्या टेबलावर जात असेल, तर तो तिचा निर्णय उरत नाही.

हा धाक कमी करणे शल्यविशारदाच्या हातात नाही. ते लिहिणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या हातात थोडेसे तरी आहे. साठीच्या स्त्रीचे वर्णन करताना 'खोल गेलेले निस्तेज डोळे' हा ठरीव शब्दसमूह सहज लेखणीतून उतरतो. त्याऐवजी त्या डोळ्यांनी काय काय पाहिले ते लिहावे, आणि विद्यार्थ्यांकडूनही लिहवून घ्यावे.