रंधा मशीन, घरची गाडी आणि भाड्याचे दोन हजार

भोसरी, चिखली, चाकण या पट्ट्यातील आपल्या घरांतून एक चांगली गोष्ट घडताना दिसते. दहा-बारा वर्षे दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून राबलेला मुलगा आता स्वतःचे काहीतरी उभे करायचे म्हणतो. चाकणला मोटारींचे कारखाने आले, तशा त्यांच्या मालासाठी लाकडी पेट्या आणि पॅलेट लागू लागल्या. परदेशी जाणाऱ्या पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो, हा नियम या कामातल्या पोरांना तोंडपाठ असतो. बाहेरून आलेल्या पेट्या कारखान्यात फोडल्या जातात, त्यांचे पाइनचे लाकूड बाजारात येते आणि त्यातून टेबल, दिवाण, कपाटे करणारे छोटे कारागीर पोट भरतात. हे लाकूड खडबडीत असते. हातरंध्याने दिवसभर घाम गाळून जे होते, ते मशीनवर तासा-दोन तासांत होते. म्हणून या मुलांची पहिली मोठी खरेदी असते ती जुन्या रंधा मशीनची.

नवे मशीन परवडत नाही, तेव्हा जुने घेण्यात काहीच वावगे नाही. चांगले बिडाचे मशीन दोन पिढ्या चालते. खरा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर सुरू होतो. हे धूड घरी आणायचे कसे?

मध्यंतरी आमच्या ओळखीचा एक तरुण सल्ल्याला आला होता. बाराइंची रंधा-थिकनेस मशीन त्याने भोसरीत ठरवले होते आणि ते चाकणजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये न्यायचे होते. तो म्हणाला, "काका, टेम्पोवाला आणि हमाल मिळून दोन हजार मागतात. दादाची ओम्नी आहेच की. मागचं सीट काढलं की बसतंय. चार पोरं आहेत, रविवारी उचलून टाकू." वाचकहो, हा विचार एकट्या त्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात हाच हिशेब होतो, म्हणून तो इथे नीट मांडून पाहू. आम्ही कारकुनी करणारे, आकडे मांडल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

बिडाचे बाराइंची मशीन तीनशे ते चारशे किलोच्या घरात जाते. घरगुती मोटारीची ताकद माणसे आणि सामान मिळून साधारण चारशे-साडेचारशे किलोची असते. साडेतीनशे किलोचे मशीन, चालक आणि मदतीला दोघे धरले तर बेरीज साडेपाचशेवर गेली. शिवाय माणसे बसतात तेव्हा वजन चारही चाकांवर वाटले जाते. मशीनचे सगळे वजन मागच्या चाकांवर येते. पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही आणि ब्रेक दाबला तरी गाडी लवकर थांबत नाही. मोशीच्या उतारावर किंवा नाशिक रस्त्याच्या गर्दीत असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

त्याहून मोठा धोका आतल्या मशीनचा आहे. गाडी थांबते, पण न बांधलेले वजन थांबत नाही. युरोपात माल बांधण्याचे जे नियम आहेत, त्यांत पुढच्या बाजूची बांधणी मालाच्या वजनाच्या आठ दशांश जोर सोसेल अशी हवी, आणि दोन्ही बाजूंची व मागची निम्म्या वजनाचा, असे धरले आहे. म्हणजे साडेतीनशे किलोचे मशीन जोराच्या ब्रेकला पुढे जवळजवळ पावणेतीनशे किलोच्या रेट्याने येणार. आणि पुढे कोण बसलेले असते? दादा आणि भाऊ. मोटारीच्या सीटची पाठ हा रेटा अडवण्यासाठी केलेली नसते.

आता कागदाची बाजू. खासगी मोटारीच्या विमापत्रात "वापराची मर्यादा" म्हणून एक कलम असते. भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक यांना त्यात वगळलेले असते. नमुने आणि प्रवाशाचे स्वतःचे सामान तेवढे चालते. रंधा मशीन हे प्रवासाचे सामान आहे, हे कोणत्याही विमा कंपनीला पटवता येणार नाही. अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कंपनीच्या हातात आयते कारण मिळते. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला इजा झाली, तर न्यायालये कित्येकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करायला सांगतात. म्हणजे भाडे वाचवले धाकट्याने आणि वसुलीची नोटीस आली थोरल्याच्या नावावर. यातून भावाभावांत जे होते, ते कुठल्याही हिशेबात धरता येत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. ठरल्यापेक्षा जास्त वजन भरले तर त्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड लिहिला आहे. माल गाडीच्या बाहेर लोंबत असेल तर त्यालाही वीस हजार आहेत. मागचे दार दोरीने अर्धवट बांधून, मशीनचे टेबल बाहेर काढून निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

टेम्पो ठरवला म्हणजे सगळी काळजी मिटली, असेही नाही. आपल्याकडे मशीन टेम्पोत चढले की पोरे मागे मशीनला टेकून बसतात, "धरून ठेवतो" म्हणतात. चारशे किलोचे लोखंड कलंडायला लागले तर ते कुणाच्या बापाला धरवणार नाही. कायदाही इथे कडक आहे. १४ नोव्हेंबर १९९४ पासून मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. फुकट बसलेल्या इतरांना ते नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. मालकानेही चालकाच्या केबिनमध्ये बसलेले असले पाहिजे, असे त्याच न्यायालयाने २००७ साली म्हटले. तेव्हा मालावर बसलेला मित्र दगावला तर त्याच्या आईच्या हातात काय पडेल, याचा विचार निघण्यापूर्वी करावा. मशीनपुरतेच हे नाही. लग्नाला, कार्यक्रमाला टेम्पो भरून जाणाऱ्या आपल्या माणसांनाही तेच लागू आहे.

खरे तर टेम्पोसाठी लांब जायची गरज असलेला आपला भाग नव्हे. टेम्पो हा शब्द आपल्या तोंडी बसला तो १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकीमुळे. आकुर्डीचा हा कारखाना २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखला जातो. त्याच २००५ साली टाटांचा छोटा हत्ती बाजारात आला आणि पहिल्या गाड्या पुण्याच्या कारखान्यातच तयार झाल्या. सुमारे पाऊण टन माल नेण्यासाठीच ती गाडी केलेली आहे. आपल्याच वस्तीतल्या कितीतरी हातांनी या गाड्या जोडल्या आहेत. एका मशीनसाठी तिचे भाडे भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे नव्हे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मशीन आहे तसे उचलू नये, आधी सुटे करावे. वीज बंद करून वायरी सोडवाव्यात. सोडवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावा. पट्टे काढावेत, मोटर उतरवावी. कटर ब्लॉकची पाती काढून जाड कापडात गुंडाळावीत. याच पात्यांनी मशीन बंद असतानाही बोटे कापली गेली आहेत. टेबले निघत असतील तर काढावीत, निघत नसतील तर खाली करून घट्ट करावीत. एवढ्याने वजन बरेच उतरते आणि उरलेला सांगाडा आटोक्यात येतो.

उचलताना साखळी किंवा पट्टा खालच्या बैठकीला लावावा. टेबलाला किंवा कटर ब्लॉकच्या शाफ्टला लावू नये. बीड वाकत नाही, फुटते, आणि फुटलेले बीड पहिल्यासारखे जोडणारा वेल्डर क्वचितच सापडतो. विकणाऱ्याच्या शेडमध्ये साखळी-कप्पी असेल तर काम सोपे. भोसरी-चाकणला हायड्राही मिळतो. शेजारच्या शेडमध्ये तो कामाला आलेला असेल, तर थोडक्या पैशांत आपलेही काम होते. जमिनीवर सरकवायचे तर लोखंडी पाइपांवर, पहारीने, इंचाइंचाने. फळ्यांच्या उतारावरून चढवताना मशीनच्या खालच्या बाजूला कुणीही उभे राहू नये. निसटले तर निसटू द्यावे. मशीन पुन्हा घेता येते.

टेम्पोत मशीन केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवावे, खाली लाकडी ठोकळे घालून सरकणे बंद करावे आणि चारही कोपऱ्यांना पट्ट्याने आवळावे. धारदार कडेवर गोणपाट घालावे, नाहीतर दोर तिथेच कापला जातो. बँडसॉसारखे उंच यंत्र असेल तर जास्त जपावे, कारण त्याचे वजन वरच्या बाजूला असते आणि ते वळणावर आधी कलंडते. पावसाळ्यात ताडपत्री आणि टेबलावर तेलाचा हात विसरू नये. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा ओढून पाहावेत. विक्रीचे बिल किंवा सही केलेली चिठ्ठी बरोबर ठेवावी.

जागेवर बसवल्यावर लगेच लाकूड घालू नये. थ्री फेजच्या दोन वायरी उलट लागल्या तर मोटर उलटी फिरते. म्हणून पट्टा घालण्यापूर्वी नुसती मोटर फिरवून दिशा पाहावी. अर्थिंग तपासावे, पात्यांवरचे झाकण बसवावे. पेटीच्या जुन्या लाकडातला खिळा शोधून काढल्याशिवाय ते रंध्यावर घालू नये.

हमालांबद्दल दोन शब्द. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका पुरुषाने हाताने उचलायचे वजन ५५ किलोच्या आत राहावे असे सुचवले आहे. साडेतीनशे किलोला चार पोरे लावली, तर एकेकाच्या वाट्याला जवळपास ९० किलो येतात, आणि ज्याचा पाय घसरतो त्याच्या वाट्याला सगळेच. ओझे उचलणाऱ्यांची पाठ ही पाठ आहे, हे मान्य व्हायला महाराष्ट्रात लढे द्यावे लागले. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने हेच काम केले. आपल्यातल्या अनेकांच्या वडिलांनी पाठीवर ओझी वाहिली आहेत. निदान आपण तरी जाणत्या हमालाची मजुरी आधी ठरवावी, ती पूर्ण द्यावी, आणि "वजन जास्त आहे, हायड्रा बोलवा" असे तो म्हणाला तर त्याचे ऐकावे.

शेवटी जमाखर्च. समजा मशीन साठ हजारांचे आहे. टेम्पो आणि हमालीचे दोन हजार, हायड्राची वेळ आली तर आणखी थोडे, वायरिंग आणि पाया वेगळा. हे सारे खरेदीच्या किमतीतच धरायचे असते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे किंवा २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत कर्जासाठी जाल, तेव्हाही अंदाजपत्रकात वाहतूक आणि उभारणी लिहून द्या. बचत गटातून उचल घेणाऱ्या भगिनींनी तर हा आकडा आधीच विचारावा. घरातली बाई "आणणार कसं?" एवढा एकच प्रश्न व्यवहार ठरण्यापूर्वी विचारते, तेव्हा निम्मी संकटे तिथेच टळतात.

घाई मात्र वाईट. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतील हजारो बांधकामे आणि पत्राशेड पाडल्या, तेव्हा यंत्रे हलवायला पुरेसा वेळ मिळाला नाही, अशी लघुउद्योजकांची तक्रार होती. डोक्यावर बुलडोझर असताना माणूस मिळेल त्या गाडीत सामान कोंबतो, त्याला दोष कोण देणार? पण आपल्या राजीखुशीने, रविवार पाहून मशीन आणणाऱ्यावर तशी वेळ आलेली नसते. भाड्याची शेड घेतानाही जागेचे कागद पाहावेत, म्हणजे चारशे किलोचे ओझे वर्षभरात पुन्हा हलवावे लागणार नाही.

त्या तरुणाने मशीन सुटे करून छोट्या हत्तीतून नेले. मोटर, पाती आणि पट्टे एवढे तो दादाच्या ओम्नीतून घेऊन गेला. घरच्या गाडीने उचलावा, तो एवढाच भार.