पाणबुड्यांचीं घड्याळें

गेल्या महिन्यांत आमच्या भाच्याच्या दादर येथील घरीं एक लहानशी बैठक भरली होती. जमलेल्या सहासात जणांत एक डॉक्टर, एक बँकेंतील अधिकारी व दोन महाविद्यालयीन तरुण होते. प्रत्येकानें रुमालांत गुंडाळलेली एकेक वस्तु काढून पांढऱ्या चादरीवर ठेविली. तीं सर्व पन्नाससाठ वर्षांपूर्वींचीं, पाणबुड्यांसाठीं केलेलीं मनगटी घड्याळें होतीं. "मामा, तुम्ही बसा तर खरे," असा आग्रह झाला, म्हणून आम्ही बसलों. परंतु जुनीं घड्याळें गोळा करण्यांत पुरुषार्थ तो कोणता, हा प्रश्न मनांत होताच.

डॉक्टरांनीं एक हकीकत सांगितली. 'ब्लांपां' या स्विस पेढीचे प्रमुख झां-जाक फीश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याशीं एकदां पाण्याखालीं असतां त्यांस वेळेचें भान राहिलें नाहीं आणि नळकांड्यांतील हवा संपली. ते कसेबसे वर आले. पुढें १९५३ सालीं त्यांच्या पेढीनें 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे 'पन्नास वांव', हें घड्याळ काढलें. पन्नास वांव म्हणजे सुमारें ९१ मीटर. तबकडीभोंवतीं एक फिरतें कडें असे. बुडी घेतांना त्याची खूण मिनिटकांट्याशीं जुळविली, कीं किती मिनिटें गेलीं तें पाहतांच कळे. तें धक्क्यानें सरकूं नये म्हणून दाबल्यावांचून फिरतच नसे. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनीं हें घड्याळ वापरलें. सारांश, हा दागिना नव्हे. श्वासाचा जमाखर्च ठेवणारा कारकून होय.

आमच्याहि खिशांत एक घड्याळ होतें. आमचे धाकटे काका मुंबई बंदरांत पाण्याखालील बांधकामाची पाहणी करीत. फेवर-ल्यूबाचें १९६४ सालीं निघालेलें 'डीप ब्लू' हें घड्याळ ते हातांत घालीत. तें आम्हीं मोठ्या अभिमानानें चादरीवर ठेविलें. एका तरुणानें भिंगांतून पाहिलें, आणि तो गप्प झाला. "सर, तबकडी नवी रंगविलेली दिसते," तो हळूच म्हणाला. खरेंच होतें. घरांतील एका मुंजीच्या वेळीं तें चकचकीत दिसावें म्हणून आम्हींच तसें करविलें होतें. अशा रंगविलेल्या घड्याळांस परदेशचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हेंहि त्या दिवशीं कळलें. आमच्या शहराचें नांव अशा ठिकाणीं निघावें, आणि त्यांत आमचाहि हातभार असावा, याची लाज वाटली.

परंतु कोणी हंसलें नाहीं. त्याच तरुणानें कडेवरील एका खोल खरवड्यावर बोट ठेवून विचारलें, "हा कशाचा?" धक्क्याच्या भिंतीवर काकांचा हात आपटला होता, तेव्हांचा तो. आम्हीं ती गोष्ट सांगितली आणि सर्वांनीं ती कान देऊन ऐकिली. घड्याळ हातोहात फिरलें. काकांना जाऊन वीस वर्षें झालीं. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयीं घरांतहि कोणी एवढें विचारलें नव्हतें.

'संग्रह' या शब्दांतील 'सम्' म्हणजे एकत्र, हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें असेल. वस्तु कुलुपांत ठेवणें हा परिग्रह. चार जाणत्यांपुढें ती मांडून तिची कथा सांगणें हा संग्रह. आमचा प्रश्न तेथें सुटला.

वाचकांच्या घरींहि वडिलोपार्जित घड्याळ असेल. तें चालतें करावें. मात्र तबकडी रंगवूं नये, कीं कडा घांसूं नयेत. फार जुन्या, अंधारांत चमकणाऱ्या तबकड्यांत रेडियम असूं शकतें. चमक विझली तरी रेडियमचा जोर निम्मा होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. म्हणून असें घड्याळ घरीं उघडूं नये.

काकांच्या घड्याळाची मूळ तबकडी आतां परत येणें नाहीं. त्या खरवड्याची हकीकत मात्र आम्हीं कागदावर लिहून घड्याळाच्या पेटींत ठेविली आहे.