खापर मिरचीवर कशाला?

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ दिसो की न दिसो, परतीच्या वाटेवर सावजी खायचेच, असे घरूनच ठरवून येणारे पर्यटक आता पुष्कळ आहेत. नेपल्सला गेले की पिझ्झा, बँकॉकला गेले की रस्त्यावरचे नूडल्स, तसे नागपूर जिल्ह्यात आले की सावजी. ही हौस चांगलीच आहे. गाव कळायचे तर त्या गावचे जेवण जेवले पाहिजे.

पण इथे जेवणाची शर्यत होते. पाहुण्याला पहिल्या घासाला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते, मित्र मोबाईलवर चित्रीकरण करतात आणि पाहुणा ‘आणखी तर्री’ मागतो. दुसऱ्या दिवशी पोट बिघडले की निवाडा ठरलेला: मिरचीने घात केला. वैद्यकशास्त्राला हा निवाडा बहुतेक वेळा मान्य नाही.

मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहींना चिकटते, ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतात. चटका बसला, असा निरोप मेंदूकडे जातो; प्रत्यक्षात तोंड भाजलेले नसते. हे ग्राही शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी ढोसूनही आग शमत नाही. दूध किंवा दह्याने शमते. सवयीने हे ग्राही बोथट होतात. म्हणून भिवापुरी मिरचीवर वाढलेला उमरेडचा माणूस ज्या रश्शाला ‘बेताचा’ म्हणतो, त्याने पुण्याचा पाहुणा घामाघूम होतो. त्यात मर्दुमकी काही नाही.

तिखटाने पोटात व्रण होतात, हा समजही जुना. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातील बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचे दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. याचा अर्थ मिरची सर्वांनाच चालते असा नाही. छातीत जळजळ होणारे, मूळव्याध किंवा फिशर असलेले, वारंवार पोट बिघडणारे यांना ती त्रास देतेच. आणि शर्यतीचे तिखट ही गोष्टच वेगळी. अमेरिकेत एका स्पर्धेत अतितिखट मिरची खाल्लेल्या तरुणाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावल्या आणि असह्य डोकेदुखीने त्याला रुग्णालयात जावे लागले, अशी नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

मग सावजी खाऊन आजारी पडतात ते कशाने? खळखळ उकळणारा रस्सा हा ताटातला सर्वांत सुरक्षित पदार्थ. सकाळी चिरून ठेवलेला कांदा, कापलेले लिंबू आणि जगमधले पाणी हे खरे संशयित. दुसरा संशयित म्हणजे वेळ. सकाळी शिजवलेले मटण मोठ्या पातेल्यात कोमट अवस्थेत दुपारभर पडून राहिले, की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूला रान मोकळे मिळते. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि रस्सा हळूहळू निवत असताना वाढतात. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. नेमक्या तेवढ्या वेळात पर्यटक घरी पोचलेला असतो आणि मिरचीला शिव्या घालत असतो.

हे झाले एका दिवसाचे. तर्रीचा हिशेब दूरचा आहे. तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारे तेल, आणि मोठा चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. तिखट जितके जास्त तितके मीठही सैल हाताने पडते. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते जेमतेम एक लहान चमचा भरते. रक्तदाबाच्या रुग्णाने रस्सा ओरपला, तर दिवसाच्या मिठाचा बराच वाटा एका बैठकीत संपतो.

सावजी ही मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरातली चूल. उमरेड हेही जुने विणकरांचे गाव, रेशीमकाठी धोतरांसाठी नावाजलेले. दिवसभर मागावर राबणाऱ्या घरात मटण रोजचे नव्हते. झाले त्या दिवशी थोडे मटण, पुष्कळ माणसे आणि पोट भरायला ज्वारीची भाकर. रस्सा पातळ आणि झणझणीत, कारण त्यात भाकर कुस्करायची असे. तेल जवसाचे. जवसाच्या तेलात सुमारे निम्मे ओमेगा-३ जातीचे मेदाम्ल असते, पण ते पुन्हापुन्हा तापवले की लवकर बिघडते. एकदाच चुलीवर चढणाऱ्या घरच्या पातेल्याला ते चालून जाई. आजच्या ताटात मटण वाढले, तेल बदलले, भाकरीच्या जागी तंदुरी रोटी आली. शिल्लक राहिले ते फक्त तिखट, आणि जगाला सांगितले जाते तेही तेवढेच.

युनेस्कोने २०१० मध्ये फ्रान्समधून वारसा म्हणून एखादा पदार्थ नाही, तर सणासमारंभाला एकत्र बसून जेवण्याची रीत नोंदवली. २०१३ मध्ये जपानचीही आहारपरंपरा नोंदली गेली, नुसती सुशी नव्हे. आपण मात्र एक वाटी उचलून तिलाच विदर्भ म्हणतो. पाटवडी, गोळाभात, वडाभात, जवसाची चटणी, पुडाची वडी (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पाहुण्याला आधी सांगावे लागते) यांना त्या यादीत जागा नाही.

पर्यटक वर्षातून एकदा खातो आणि निघून जातो. खरी काळजी आहे ती इथल्यांची. पाहुण्यांसाठी सजवलेले हे ताट आता गावच्या तरुणांचे आठवड्यातून दोन-तीनदाचे जेवण झाले आहे, सकाळच्या पोहे-तर्रीवर आणखी. मागावर बसणारा माणूस त्या तेलाला जिरवायचा. मोटारसायकलवर फिरणारा कसे जिरवणार?

तेव्हा सावजी जरूर खावे. भोजनालयात तिखटाची पातळी विचारण्याआधी आज भाकर आहे का ते विचारावे, रस्सा समोर उकळून मागावा, वरची तर्री वाटीत काढून ठेवावी, आणि कांदा ताजा चिरायला सांगावा. भोजनालयांनीही तळणीचे तेल किती वेळा वापरायचे याचा नियम पाळावा. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही आणि असे तेल जैवइंधनासाठी गोळा करण्याची सरकारी योजनाही आहे.

एवढे करूनही पोट बिघडलेच, तर पहिले औषध ओआरएस. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. असे जुलाब बहुधा एक-दोन दिवसांत थांबतात. मात्र ताप आला, शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री वा म्हातारा माणूस असेल, तर मिरचीला दोष देत घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.